कावळा शिवंना, कार्ड निघंना

मोबाइलच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ मी सकाळी फडक्यानं पुसते. किस्से मात्र काउंटरच्या काचेखाली तसेच पडून राहतात आणि भलत्या वेळी वर येतात.

आमचं दुकान औरंगपुऱ्यात, एका गल्लीच्या तोंडाशी. दुरुस्तीचं काम हे करतात, म्हणजे आमचे मालक. मी कव्हर, चार्जर विकते आणि गिऱ्हाइकांच्या फोनमधली बारीकसारीक कामं करून देते. शिक्षण माझं सातवीपर्यंत, पण फोन मराठीत करून घेतला की सगळं वाचता येतं! त्यातलं रोजचं काम म्हणजे अ‍ॅप स्टोअरमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाकणं. लोक एकदा कार्ड टाकतात, विसरून जातात आणि पैसे कटायला लागले की पळत येतात. वर आपल्या फोटोवर दाबायचं, पेमेंटमध्ये जायचं, कार्ड निवडायचं, ‘काढून टाका’. फोन विचारतो, ‘नक्की?’ आपण म्हणायचं, हो. झालं!

गावाची कार्डं मी अशी काढली. आमच्या घरातलं एक मात्र निघत नव्हतं. अप्पांचं, माझ्या सासऱ्यांचं. अप्पा दिवाळीनंतर गेले. त्यांचं कार्ड निघावं म्हणून मी का एवढा जीव टाकत होते, ते आधी सांगते.

*

मनू आमची एकुलती एक लेक, अजून शाळेत पुरती रुळलेली नाही. अप्पांनी तिला सशांचा एक गेम लावून दिला होता. घरातले सगळे फोन एकमेकांना जोडलेले, कार्ड अप्पांचं. मनूला नवा ससा पाहिजे झाला की अप्पांच्या फोनवर यायचं, ‘मनू विचारतेय. परवानगी द्यायची?’ अप्पा चष्मा सापडायच्या आधीच ओरडायचे, “हो म्हणा रे कुणीतरी!” नातीला नाही म्हणणं त्यांना जमलंच नाही कधी.

त्यांच्या दहाव्याला कावळा काही शिवंना. पिंड ठेवून आम्ही सगळे लांब उभे. ह्यांनी हात जोडून कबूल केलं, घराचं वरचं काम पुरं करीन. नाही. धाकट्या बहिणीचं लग्न चांगलं लावून देईन. तरी नाही. ऊन चढलं. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. तेवढ्यात मनू माझा हात सोडून पुढं पळाली. लेकराला घाटावर नेऊ नका म्हणून मी सकाळपासून सांगत होते, पण माझं ऐकतं कोण! ती मोठ्यानं म्हणाली, “अप्पा, रुसू नका ना! मी येईन तुमच्यासंगं खेळायला.”

कावळा लगेच खाली उतरला.

बायकांनी डोळे पुसले. एक चुलतसासू म्हणाल्या, “बघा, नातीत जीव अडकला होता म्हाताऱ्याचा.” मी मात्र मनूला ओढून मागं घेतलं. लेकरू काय कबूल करून बसलं!

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी देशपांडे काका दुकानात आले. कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम स्वच्छ. म्हणाले, “सूनबाई, हे कार्ड काढ बरं. दर महिन्याला पैसे जातायत. झोप उडालीय माझी.”

मी ‘काढून टाका’ दाबलं. फोन म्हणाला, काढता येत नाही. यावर अजून काहीतरी चालू आहे, आधी ते बंद करा.

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “म्हणजे कावळा शिवत नाही म्हण की! कार्डाची इच्छा राहिलीय काहीतरी!”

दुकानातली सगळी हसली. मी आत शोधलं, तर चालू काय होतं? झोप लागायचं अ‍ॅप! झऱ्याचा आवाज, रातकिड्यांचा आवाज!

“व्हय की,” काका एकदम गल्लीच्या भाषेत आले, “नातवानं टाकून दिलं होतं. पण पैसे कटतील या काळजीनं मी जागाच असतो, ऐकू कधी?”

तेव्हापासून आमच्याकडं कुणाचंही कार्ड अडलं की आतून ह्यांची हाक येते, “काय गं, कावळा शिवंना का?” गिऱ्हाईक हसतं. मला मात्र घाट आठवतो. काका आले त्या दिवशीच मी ह्यांना म्हटलं होतं, “आधी आपलं काढा. पोरीचं नाव त्यांच्यापासून सोडवा.”

“काढू गं,” हे म्हणाले. “अप्पा काय पळून चाललेत का!”

*

लासूर स्टेशनचे एक आडते आहेत, धान्याचा धंदा. त्यांनी कुठूनतरी जुना फोन घेतला होता, आईसाठी. फोनमध्ये आधीच्या मालकाचं खातं तसंच उघडं आणि कार्डही तसंच. रोज संध्याकाळी फोनमधून एका बाईचा गोड आवाज यायचा, “शकुंतला, गोळी घेतली का?”

“दुसऱ्याच्या कार्डाचं पाप नको बुवा,” आडते म्हणाले. “घरात लेकरं भ्यायलीत. काढून टाका.” मी गोळ्यांचं ते अ‍ॅप बंद केलं, कार्ड काढलं, खातंही पुसलं. आडते गेले खुश होऊन.

पुढच्या बाजाराला परत हजर! तोंड उतरलेलं.

“ताई, ती बाई परत लावता येईल का? पैसे माझ्या कार्डातून जाऊ द्या.”

“का हो? भीती वाटायली म्हणत होता ना?”

“आई गोळ्याच घेईना. म्हणती, मला कुणी विचारलंच नाय आज.”

मला वाईट वाटलं. अ‍ॅप नव्यानं लावताना नाव टाकायचं होतं. मी विचारलं, “आईचं नाव शकुंतला ना?”

“नाय हो,” ते हळूच म्हणाले. “कौसल्या. पण आता शकुंतला म्हटल्याबिगर ओ देत नाय.”

*

एका दुपारी मनू काउंटरखाली बसून खिदळली. “मम्मी, अप्पांनी पांढरा ससा दिला!”

मी वाकून बघितलं. तिच्या फोनवर लिहिलेलं, ‘अप्पांनी परवानगी दिली.’ अप्पांचा फोन तर आमच्या खणात, बंद!

हे म्हणाले, “आधीची विचारणा असेल. नेटवर्कमुळं उशिरा आली.” मला पटावं म्हणून खण उघडून फोन काढला. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं. ह्यांनी तिथल्या तिथं झाकण उघडलं, बॅटरी काढली आणि उघडा फोन माझ्यापुढं ठेवला. “घे! आता बोल!”

आठवडाभरानं मनूकडं तपकिरी ससा आला. ‘अप्पांनी परवानगी दिली.’ ह्या वेळी हे चहा प्यायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत!

*

ह्यांचं मन वळलं ते जुबेदा खालामुळं. खाला मागच्या गल्लीत शिवणकाम करतात. त्यांचे मियाँ गेल्या वर्षी वारले. फोनमध्ये कार्ड मियाँचं आणि त्याची मुदत संपत आलेली. म्हणून फोनवर रोज यायचं, ‘रशीद, तुमच्या कार्डाची माहिती नवी करा.’

“निकाल दे बेटी,” खाला मला म्हणाल्या. “मरे वे आदमी को रोज-रोज आवाज देना अच्छा नै. वो भी बेचैन, हम भी बेचैन.”

आत ह्यांचं काम थांबलेलं मला दिसलं.

मी सगळं करत आणलं. फोननं विचारलं, ‘नक्की?’ खालांनी फोन माझ्या हातातून घेतला. पदर सारखा केला. पडद्यावरच्या नावाकडं बघून म्हणाल्या, “जारे क्या अब? अच्छा, जाओ.” आणि स्वतःच्या बोटानं दाबलं. कार्ड गेलं.

मला हुंदका आला. खाला माझ्याकडं बघून म्हणाल्या, “रोती कायकू? सारी उम्र में पहली बार मेरी बात सुनी उन्होंने!”

त्या गेल्यावर हे बाहेर आले. “चल,” म्हणाले, “अप्पांचं काढू.”

*

भर दुपार होती. गल्लीत रिक्षांचा कालवा चाललेला. आम्ही दोघं काउंटरवर, मनू माझ्या स्टुलाला टेकून उभी. अप्पांचं खातं ह्यांनी आपल्या फोनवर उघडलं आणि ‘काढून टाका’ दाबलं.

काढता येत नाही. यावर अजून काहीतरी चालू आहे.

ह्या वेळी ‘कावळा शिवंना’ कुणीच म्हणालं नाही.

आत बघितलं. दर महिन्याच्या पैशांवर चालू होता तो सशांचा गेम. मनूचा तर होताच, पण अप्पांनी स्वतःच्या नावानंही घेतलेला! तिच्या बागेला लागून त्यांची बाग. नातीला कळू न देता म्हातारा एकटाच ससे पाळत होता. ह्यांना ते बघवंना. तोंड फिरवून त्यांनी गेम बंद केला, आधी मनूचा, मग अप्पांचा. मग कार्ड. ‘नक्की?’ हो.

निघालं.

“आता कुणाला काही पाहिजे असलं तर विचारणा तुझ्या फोनवर येणार,” हे म्हणाले. “परवानगी तू द्यायची. अप्पांचं नाव मात्र फोनमधल्या घरच्यांच्या यादीत राहू दे. तेवढं नको काढायला लावूस.”

मी बरं म्हटलं. कार्ड गेलं होतं, गेम गेला होता. खूप दिवसांनी माझा श्वास मोकळा झाला. मनू रडून गोंधळ घालील म्हणून मी तिला जवळ घेतलं, तर ही शांत! तिचा फोन चार्जिंगला लावलेला, तिकडं बघतही नव्हती.

“ससे गेले म्हणून रुसलीस का गं?”

“नाही,” मनू म्हणाली. “मी सांगितलं अप्पांना. आता मम्मीला विचारा म्हटलं.”

माझा फोन वाजला.

‘अप्पा विचारतायत. सशांचा गेम. परवानगी द्यायची?’

खाली दोन बटणं. हो आणि नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते त्यांच्या टेबलाकडं बघत होते. तिथं अप्पांचा फोन पालथा पडला होता. झाकण उघडं आणि बॅटरीची जागा रिकामी.

मनूनं माझा पदर ओढला.

“हो म्हण ना मम्मी. मी कबूल केलंय त्यांना.”