तळहातावरचं दही

मला लहानपणापासून नसत्या चौकशा लई. वडील निजामाच्या कचेरीत कारकून, ते म्हणायचे, "ही पोरगी नाही, पोलीस पाटील आहे." त्यांनीच मला छावणीतल्या सिस्टरांच्या शाळेत घातलं. तिथं मिस्सेला, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेला, आम्ही हिंदू-मुसलमान मुली मागच्या बाकावर बसायचो. फादर आमच्याकडं पाठ करून कुठल्याशा भाषेत पुटपुटायचे, मग कठड्यापाशी गुडघे टेकलेल्यांच्या जिभेवर एक पांढरी चकती ठेवायचे. ती गोड की खारट, चावायची की गिळायची, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

माझी मैत्रीण शाळेतल्या सुताराची मुलगी, ख्रिस्ती. पण चव तिलाही ठाऊक नव्हती. ती चकती म्हणजे त्यांचा प्रसाद, आणि तिचा पहिला प्रसाद येत्या रविवारी होता. "आधी मी घेते, मग तुला सांगते," म्हणाली. अट एकच, मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. घेतला तर प्रसाद नाही.

रविवारी सकाळी ती पांढरा झगा घालून मला बोलवायला आली. एरवी ती ओट्याखाली उभी राहायची आणि आई तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. आई तशीच होती, लपवून काय करू. त्या दिवशी झगा बघून तिला काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, "एवढ्या चांगल्या कामाला निघालीस, आत ये." आणि तिचा हात हातात धरून तळव्यावर दही-साखर ठेवली. आमच्याकडं त्याशिवाय कुणी परीक्षेलाही निघत नसे.

तिनं माझ्याकडं बघितलं. अट मला पाठ होती. एक शब्द बोलले असते तर भागलं असतं, पण मी गप्प राहिले. खरं सांगते, मला बघायचं होतं ती काय करते. तिनं तळवा चाटला आणि म्हणाली, "येते काकू."

चर्चमध्ये पांढरे झगे रांगेनं कठड्याकडं गेले. ती बाकावरच बसून राहिली. गेली असती तरी कुणाला कळणार होतं? तिची आई मान वळवून वळवून बघत होती. बाहेर आल्यावर सिस्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तहान लागली, पाणी प्यायले." तिच्या आईनं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तेव्हाही मी गप्पच. त्याची मला आजही लाज वाटते.

घरी येऊन रडत रडत आईला सगळं सांगितलं.

"मेले, तोंडात मूग धरले होतेस?" आई कडाडली. मग चुलीपुढं बसत म्हणाली, "पण तिनं तरी नको कसं म्हटलं नाही गं?"

"तू पहिल्यांदाच आत बोलावलंस ना."



पुढच्या रविवारी फादरांनी तिला एकटीला प्रसाद दिला. चर्चच्या दारातच मी तिला गाठलं. कशी लागते?

"कशीच नाही," ती म्हणाली. "कागद चाटल्यासारखी. चल, भूक लागली."

घराशी आलो. ती सवयीनं ओट्याखालीच थांबली आणि हात पुढं केला. "काकू, आता चालतं."

आईनं तिला हाताला धरून आत नेलं. वाटी सकाळपासूनच भरून ठेवलेली होती. तळव्यावर आईनं इतकं दही ठेवलं, की निम्मं त्या पांढऱ्या झग्यावर सांडलं.