काकांचा चिनी शरद ऋतू

मुंबईत शरद ऋतू येतो, हे तुम्हांला कधी कुणी सांगितलं आहे का? आपल्याला ठाऊक असते ती ऑक्टोबरची काहिली, पाठीला चिकटलेला शर्ट आणि कोरडा नळ. पण साऱ्या वाकोल्यात शरद ऋतू सोवळ्यासारखा पाळणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा थोरला काका. घट बसले की काका गळ्याला मफलर गुंडाळतात. संध्याकाळी चाळीच्या पायरीवर बादलीभर कढत पाण्यात आलं ठेचून टाकतात आणि पोटऱ्यांपर्यंत पाय बुडवून बसतात. काकी तणतणत रांगेत उभी राहून पाणी भरणार, आणि हे त्यातली एक बादली पायांना घालणार! वर "शरदात हवा कोरडी, फुप्फुसाक जपूक होया," असं ज्यांना सांगणार, ते समोर उभे राहून घाम पुसत असणार.

हे चिनी वैद्यक काका बोटीवर शिकले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पूर्वेकडे जाणाऱ्या मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून काढली. शरदात तिखट कमी करायचं आणि पांढरं खायचं, हा त्यातला मुख्य नियम. म्हणजे मुळा, पांढरे तीळ आणि खडीसाखर घालून वाफवलेली नासपती. आता मालवणी घरात तिखट कमी करायचं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. काकीने एकदा बांगड्याचं लालभडक कालवण त्यांच्यासमोर आदळलं. "ह्यां खावा, नायतर उपाशी ऱ्हवा. तुमचो चिनो येतलो काय रांधूक?" काकांनी निमूट भुरका मारला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि वर नासपती खाल्ली.

कुणी शिंकलं की त्याचा हात धरून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा दाबायचा, हाही एक नियम. बसचा कंडक्टर शिंकला तेव्हा काकांनी तिकिटासकट त्याचा हात पकडला. तो बिचारा ओरडला, "ओ चाचा, हात छोडो ना! पूरी गाडी का टिकट बाकी है!" काका म्हणाले, "घाबरू नको, फुकट आसा."

काकी ज्याच्यावरून टोमणे मारते, तो चिनी म्हणजे काकांच्या बोटीवरचा आचारी. बोटीवर आचाऱ्याला भंडारी म्हणतात. एका शरदात काकांची आई गावी वारली आणि ती बातमी त्यांना पुढच्या बंदरात, शिळी होऊन मिळाली. काका रडले नाहीत, खोकत राहिले. भंडाऱ्याने नासपती वाफवून आणली, हात दाबला, मग करंगळीचं टोक तुटलेला डावा तळवा त्यांच्या छातीवर ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाला, "गम इधर रहता. रो ले." चिनी वैद्यकात शरद हा फुप्फुसांचा ऋतू आणि दुःखाचं घरही तेच. त्या रात्री काका मनसोक्त रडले.

पुढे भारत आणि चीनचं युद्ध पेटलं. बर्फात कुणी कुठवर रेघ ओढायची यावरून भांडण सरकारांचं, आणि मालकांनी हाँगकाँगला उतरवलं कुणाला, तर भाजी चिरणाऱ्याला! काका तेव्हा इंजिनापाशी पाळीवर होते. वर येऊन बघतात तो भटारखाना रिकामा. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बोटीवर सगळे एकमेकांना कामावरून हाक मारतात आणि आपण त्याचं नाव कधी विचारलंच नाही.

तेव्हापासून वाकोल्यातला कुठलाही पोरगा बोटीवर निघाला की काका त्याला गाठतात.

"हाँगकाँगात भंडाऱ्याक माझो निरोप दी."

"काका, नाव काय त्याचं?"

"भंडारी."

"अहो, तिथे छप्पन्न भंडारी असतील यार!"

एकाने कुठल्याशा आचाऱ्याकडून बामची डबी आणली. काकांनी ती हुंगली आणि "ह्यो तो न्हय," म्हणून काकीला देऊन टाकली. मी कामगार युनियनची पत्रकं वाचत मोठा झालेलो. जगभरच्या कामगारांच्या एकीवर मी त्यांना जोरदार भाषण दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या एकीत माझो भंडारी खंय आसा रे झिला?"

यंदा काकांचा खोकला थांबत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण जिना चढताना ते मध्येच कठडा धरून उभे राहतात. जन्मभर दुसऱ्यांचे हात दाबणाऱ्या काकांनी परवा स्वतःचा हात माझ्यापुढे केला. मी दाबत बसलो. ते म्हणाले, "मी जावच्या आधी त्याचां नाव तरी कळाक होया."

म्हणून तुम्हांला एक विनंती आहे. तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी पूर्वेकडे बोटीवर जात असेल, तर त्याला एवढं सांगा: बंदरात डाव्या करंगळीचं टोक तुटलेला म्हातारा चिनी आचारी भेटला, तर आधी त्याला नाव विचार. आणि ते नाव वाकोल्याला कळवा. जरा लवकर कळवा.