ओटीतली मोरपंखी साडी

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत दोन साड्या होत्या आणि डोक्यात एक व्रत होतं. वर्षभर एकही नवीन कपडा अंगाला लावायचा नाही, असं मी अकरा महिन्यांपूर्वी मोबाइलवरून जगाला कळवलं होतं. जग म्हणजे सोसायटीतल्या बायका, भिशीचा ग्रुप आणि एक नणंद. व्रताला शोभतील असे कपडे हवेत म्हणून व्रत सुरू व्हायच्या आदल्याच आठवड्यात मी हातमागाच्या पाच साड्या घेऊन ठेवल्या होत्या. त्या व्रतात धरत नाहीत.

जायचं होतं सातपाटीला, मंदाच्या पुतण्याच्या हळदीला. माझे यजमान तारापूरच्या प्रकल्पात होते तेव्हा आम्ही सात वर्षं तिथल्या वसाहतीत काढली. मंदा दाराशी पाटी उतरवायची, मी पापलेटच्या भावावरून भांडायची, आणि त्या भांडणातून कधी मैत्री झाली ते दोघींनाही कळलं नाही. दहा वर्षांनी भेटणार होतो. पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात व्रताच्या सांगतेचं माझं भाषण होतं, त्यामुळे सातपाटीहून एखादं बोधप्रद उदाहरण मिळालं तर बरं, असाही हिशेब मनात होता.

मनोरला हायवेवर बस सोडली आणि सहा आसनी रिक्षात अकरावी म्हणून बसून पालघरला आले. मंदा स्टँडवरच उभी होती. केस पिकले होते, आवाज तसाच होता.

"काय गो बाय, वाळलीस किती! चल, आधी बोईसरला जायचं हाय. शिंप्याकडं बलाउज तयार हायत."

बोईसरच्या त्या शिंप्याच्या गाळ्यात सगळीकडे एकाच मोरपंखी कापडाचे ब्लाउज टांगले होते. घरातल्या हळदीला भावकीतल्या सगळ्या बायका एका रंगाच्या, एका नक्षीच्या साड्या नेसतात, अशी तिथली पद्धत. प्रत्येक लग्नाला नवा रंग. मी मनातल्या मनात भाषणाचा एक परिच्छेद लिहून टाकला.

शिंपी ब्लाउज मोजता मोजता मंदाला म्हणाला, "दीदी, आपका नाप तो दिया ही नहीं आपने?"

"ऱ्हाऊ दे, मेरे पास हाय जुना," मंदा म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

बाकावर बसलेला एक कामगार मघापासून माझ्या साडीकडे बघत होता. कापड रंगवायच्या कारखान्यात तो कामाला होता. शेवटी त्याला राहवलं नाही. पदराचं टोक दोन बोटांत धरून म्हणाला, "मॅडम, ये तो कोरा माल है। इसको हमारे यहाँ रंगने को भेजते हैं। आप बीच में ही पहन लिये?"

मी त्याला समजावलं की न रंगवलेलं कापड नदीला त्रास देत नाही, आणि म्हणूनच ते महाग असतं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अच्छा। मतलब काम कम, पैसा ज्यादा," तो म्हणाला.

सातपाटीला पोचलो तेव्हा बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत लटकत होते आणि खाली दोन म्हातारे फाटकं जाळं पसरून विणत बसले होते. जाळं कितव्यांदा सांधताय, असं मी विचारलं. "मोजलं कोनी?" एक जण म्हणाला. ठिगळ लावलेल्या जीन्सला पुण्यात किती मान आहे हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण वाऱ्याबरोबर बोंबलांचा वास असा आला की तोंड उघडवेना.

संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण झालं. जेवण इतकं चांगलं होतं की मी भाषण विसरले. मग मंदाने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ, नारळ आणि ती मोरपंखी साडी घातली. वर ब्लाउजही होता.

"अंदाजानं शिवून घेतलाय. उद्या सगल्यांसंगती तू पन नेस."

साडी सिंथेटिक होती. टिकल्या अशा चमकत होत्या की दिवा नसता तरी चाललं असतं. अकरा महिने डोळ्यांसमोर उभे राहिले. नेसले तर व्रत मोडतं, नाही नेसले तर मंदा दुखावते. खरं सांगायचं तर मी फार वेळ विचार केला नाही. मी बोलायला सुरुवात केली. नद्या, कचऱ्याचे डोंगर, एकदा नेसून कपाटात पडणाऱ्या साड्या, सगळं काढलं. मंदाची जाऊ जांभई देत उठून गेली. मंदा शेवटपर्यंत बसली.

"बरं," ती म्हणाली. "नको नेसू."

"मग ही तूच ठेव."

"ओटीतलं परत घेत नाय कोनी." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण तत्त्वासाठी थोडं सोसावं लागतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी मांडवात तीसेक मोरपंखी साड्यांमध्ये मी एकटीच कोऱ्या पांढऱ्यात. एक म्हातारी शेजारी येऊन बसली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मालक कवा गेलं गो?"

"गेले नाहीत, आजी. पुण्यात सोफ्यावर आहेत."

"मंग हे असं का?" तिने खरंच काळजीने विचारलं. व्रताचं सांगितल्यावर तिची काळजी वाढली.

तेवढ्यात मंदा आली, आणि माझा जीव सुपाएवढा झाला. तिच्या अंगावर सासूचं जुनं हिरवं लुगडं होतं, काठाला दोन ठिकाणी रफू केलेलं. मी तिला मिठीच मारली. "माझं ऐकलंस! अगं, किती छान दिसतेस!"

मंदा हसली. मग बायकांनी मला धरलं आणि गालांपासून पदरापर्यंत हळदीने असं माखलं की बोईसरच्या त्या कामगाराचं उरलेलं काम तिथेच पूर्ण झालं. फोटोवाला ओरडला, "मॅचिंगवाल्या पुढे या!" आम्ही दोघी मागे, खांबापाशी गेलो. फोटोत माझा चेहरा भलताच कृतार्थ आला आहे.

पुण्यात परतल्यावर बॅग उघडली तर सुक्या बोंबलाच्या पुडीखाली मोरपंखी साडी होती. मी ती कपाटात टाकली. भाषण मात्र गाजलं. पडद्यावर मंदाचा फोटो दाखवून मी म्हणाले, "एक बाई बदलली तरी पुष्कळ झालं." माझ्या साडीवरचे हळदीचे डाग पाहून तिघींनी दुकानाचा पत्ता विचारला.

परवा मंदाचा फोन आला. पुतणीची हळद ठरली होती. मी लगेच सुचवलं, की नवा रंग कशाला, सगळ्यांकडे मोरपंखी आहे, तीच पुन्हा नेसा.

"आमच्या जावेला पन पटंल ते," मंदा म्हणाली. "पन मंग मी काय नेसू?"

"म्हणजे?"

"तवा दुकानातून एक साडी कमी आली. माजी होती ती तुज्या ओटीत घातली. एवढी लांबून येनार, तू येगली दिसशील, तुला बरं नाय वाटनार, म्हनून."

मी कपाट उघडलं. एकदाही न नेसलेली मोरपंखी साडी माझ्या पाच तत्त्वनिष्ठ साड्यांखाली दबून पडली होती. इतकी लाज मला अख्ख्या आयुष्यात वाटली नव्हती.

"मंदा, ही साडी घेऊन येते मी."

"सांगितलं ना, परत घेत नाय."

"परत नको घेऊस. मी तुझी ओटी भरते."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. मग मंदा म्हणाली, "ये. नारल नको आनू, हितं ढीग हाय."