थोरल्या जाऊबाईंवरची पाळत

लग्न होऊन मी देवळाली प्रवऱ्याला आले, ते साल दुष्काळाचं होतं. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी खाऊन घरातले सगळे वाळत चालले होते. थोरल्या जाऊबाई तेवढ्या होत्या तशाच जाड. बरं, पानावर बसल्या की अर्ध्या भाकरीवर उठायच्या.

"हवा खाऊन कुनी फुगतं व्हय?" सासूबाई मला म्हणाल्या. "ती चोरून खाती. नजर ठिव तिच्यावर."

मलाही तसंच वाटत होतं. जाऊबाई दिवसातून सहा-सात वेळा तांब्या घेऊन उसाकडे जायच्या. बराच वेळ यायच्या नाहीत, आणि येताना इकडंतिकडं बघत यायच्या. फडताळातला गूळही कमी होत होता. त्यातले दोन-तीन खडे खरं तर मीच खाल्ले होते. सासूबाईंनी आळ जाऊबाईंवर घेतला, तेव्हा मी भांडी घासत राहिले.

एका दुपारी मी त्यांच्या मागोमाग गेले. पाटाच्या कडेला त्या वाकून बसल्या होत्या. नुकताच धुतलेला लुगड्याचा घोळ पिळत होत्या, आणि त्यातून लालसर पाणी गळत होतं.

"जाऊबाई, काय झालं?"

त्या दचकल्या. "परसाकडंला रगत पडतंय. संक्रांतीपासनं. पोटात लई कळा येत्यात."

"मग बोलला का नाही?"

"एवढी जाडजूड बाई आजारी हाय, कोन खरं मानंल?"

घरी येऊन मी सांगितलं, तर सासूबाईंनी नाहीच मानलं. "तुलाबी फितवलं तिनं," म्हणाल्या. मग मी गुळाचं कबूल केलं. तेव्हा कुठे त्या जाऊबाईंजवळ जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी थोरले भाऊजी आम्हा दोघी जावांना एस.टी.नं नगरला घेऊन गेले. पहिल्या डॉक्टरांनी पोटाला हातही लावला नाही. "खाणं कमी करा," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. भाऊजी हट्टाला पेटले. त्यांनी मोठा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. मोठ्या आतड्याला आतून सूज होती, जखमा होत्या. गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, असं ते म्हणाले.

"जाडीमुळं झालं का हे?" भाऊजींनी विचारलं.

"असेलही. खात्रीनं मला सांगता येणार नाही. पण अंगानं भरलेलं माणूस धडधाकटच असतं, हे डोक्यातून काढा."

परतताना जाऊबाईंनी मला हळूच विचारलं, "तू माझ्या मागं कशाला आल्तीस?"

"काळजी वाटली म्हणून," मी म्हणाले. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

गोळ्यांनी रक्त थांबलं. मधूनमधून दुखणं उलटायचं, पण त्या तगल्या, नातवंडं पाहिली. आम्ही पुढं वीस वर्षं एका चुलीवर राहिलो, कधी भांडलो नाही. मात्र शेताच्या वाटेवर मी मागं आहे असं दिसलं, की त्या बाजूला थांबायच्या आणि मला पुढं जाऊ द्यायच्या.