दोघांचं एक बोलणं

माझी लेक आणि धाकट्या जावेचा मुलगा एकाच श्रावणात जन्मले. लेक थोडी आधी. राजगडाच्या पायथ्याला, पालीत, आमचं घर. सुट्टीच्या दिवशी गडावर जाणारे लोक आमच्याकडे पिठलं-भाकरी खायला थांबतात, त्यामुळे आम्ही दोघी जावा सकाळपासून चुलीपुढं. पोरं एकाच गोधडीवर शेजारी शेजारी पडलेली असायची. एक रडलं की दुसरं रडायचं, आणि आमच्यातल्या जिचे हात पिठात नसतील ती दोघांनाही उचलायची.

लेक लवकर बोलायला लागली. तो नाही. तिसरं वर्ष सरलं तरी त्याचं बोलणं म्हणजे ‘अं’ आणि पुढं केलेलं बोट. पण घरात त्यावाचून काही अडायचं नाही, कारण त्याचं सगळं माझी लेक सांगायची. “त्याला पानी पायजे.” “त्याला ही भाकर नको, करपल्याली पायजे.” आणि खरंच त्याला करपलेलीच हवी असायची. त्यानं कान ओढला की झोप आली, दारात उभा राहून पाय घासला की बाहेर जायचंय, हे तिला आधी कळायचं, मग त्याच्या आईला. जेवायला आलेली माणसं हसायची. एकानं तिला विचारलं, “हा काय तुझा साहेब आहे का गं?”

“न्हाई,” ती म्हणाली, “ह्यो आमचा हाय.”

अंगणवाडीतही दोघं हात धरूनच जायची. तिथल्या ताई मुलांना रंगीत ठोकळे वेगळे करायला द्यायच्या, एका पायावर उभं करायच्या, गोष्ट सांगून ‘पुढं काय झालं?’ म्हणून विचारायच्या. हातानं करायचं सगळं तो नीट करायचा. मणी तर माझ्या लेकीपेक्षा भराभर ओवायचा. पण तोंडी काही विचारलं की तिच्याकडं बघायचा.

“हा कोणता रंग, सांग बरं?”

“त्यो म्हनतोय, हिरवा,” माझी लेक सांगायची.

“मी त्याला विचारलं ना?”

“त्योच सांगतोय की.”

एक दिवस ताईंनी जावेला थांबवून घेतलं. या वयात मुलानं वाक्यं जोडायला हवीत, म्हणाल्या, निदान कान तरी तपासून घ्या. जाऊ घरी आली ती पदरानं डोळे पुसतच. दिरांनी मुलाला आधी भोरला नेलं, मग पुण्याला. मीही लेकीला घेऊन बरोबर गेले, कारण तिला सोडून तो गाडीत बसेना. कान चांगले निघाले. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी जमिनीवर बसून त्याच्यापुढं खेळणी मांडली. त्यानं नुसती मान वळवली तर हिनं सांगून टाकलं, “त्याला ती गाडी बगायचीय.” बाईंनी गाडी दिली. तीच हवी होती.

“याला बोलायची वेळच येत नाही,” त्या म्हणाल्या. “रोज थोडा वेळ दोघांना वेगळं ठेवा. आणि त्यानं मागितल्याशिवाय हातात देऊ नका.”

रोज थोडा वेळ, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण एका अंगणात ते जमेना. लेकीला मी मागच्या पडवीत बसवलं की ती तिथून ओरडायची, “काकी, त्याला भूक लागलीया!” आणि तो आवाजाच्या दिशेनं पळत सुटायचा. मग एके सकाळी भाकरी थापता थापता जाऊ म्हणाली, “आक्का, म्या भोंगवलीला जाते. आय हाय माजी, घराशेजारी अंगणवाडी बी हाय. दिवाळीपतुर ऱ्हाते.”

“जा,” मी म्हणाले. “बोलू दे पोराला.”

मोठ्यांनी ठरवलं. पोरांना आम्ही सांगितलं, मामाकडं चाललाय, येईल लगेच. नसरापूरपर्यंत वडापच्या जीपनं जायचं होतं. जीप दारात उभी, आणि माझी लेक काकीचा पदर धरून सांगत होती, “काकी, त्यानं कान वडला का झोप. आन् असं नाक केलं का चिडलाय, मंग त्याला काय बोलायचं न्हाई. आन् दुधावरची साय—” ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. जाऊ घाईनं चढली. सायीचं काय ते सांगायचं राहून गेलं. जीप वळणाआड गेली तरी लेक रस्त्यावर उभी होती. ती रडली नाही. रडली असती तर मी उचलून तरी घेतलं असतं.

पहिल्या काही दिवसांत जावेनं मोबाईलवर त्याला दाखवलं. लेकीनं त्याच्याकडं पाहिलं आणि लगेच म्हणाली, “काकी, त्याला मांडीवर बसायचंय.” पलीकडून जाऊ मायेनंच म्हणाली, “तू नको बोलू गं बाई. त्याला बोलू दे.” लेकीनं मोबाईल माझ्या हातात दिला. पुढं फोन आला की ती गोठ्यात निघून जायची.

अंगणवाडीच्या ताई एकदा मला म्हणाल्या, “आता मला हिचीच काळजी वाटते. सगळं येतंय, पण विचारलं की गप्प. परवा म्हणाली, ‘त्यो हितं न्हाई.’”

दिवाळीला तो आला तो बोलतच. “मोटी आय, मला लाडू दे,” त्यानं मला सांगितलं. सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली. दिरांना काय करावं सुचेना, ते नुसतेच त्याला उचलून खाली ठेवत होते. माझेही डोळे भरून आले. लेक दाराआडून बघत होती.

संध्याकाळी दोघं अंगणात किल्ला करायला बसली. मी ओट्यावर वाती वळत होते. बुरूज झाला, दरवाजा झाला. त्यानं मान वर करून इकडं तिकडं पाहिलं, तेवढ्यात लेकीनं एक मावळा उचलून त्याच्या हातात ठेवला.

“ह्यो नको,” तो म्हणाला. “म्या मागितला का तुला?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. नुकतं शिकलेलं वाक्य होतं, पूर्ण आणि स्पष्ट. लेकीनं मावळा परत घेतला, थोडा वेळ हातात धरला, मग मातीवर ठेवला आणि उठून माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं चुकीचा मावळा दिला होता की त्याचं मन बदललं होतं, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

जाऊ पुढं भोंगवलीतच राहिली. पोराचा तिथं जम बसला होता, दिरांनाही हमरस्त्यालगत काम मिळालं. मुलगा आता दुसरीत आहे, वर्गात भाषण करतो. मागं एकदा जावेनं मला विचारलं, “आक्का, आपलं चुकलं का वो?” मी म्हटलं, “नाही. पोरगं बोललं ना.” आणि ते खरंच आहे. पण दोघांना एकत्र ठेवून, जरा धीर धरून, तेच झालं नसतं का, हा विचार जात नाही. आम्हाला घाई झाली होती. आता सणावाराला दोघं भेटतात, पाहुण्यांसारखी. तो खेळायला वाडीतल्या मुलांत जातो, ती माझ्यामागं स्वयंपाकघरात येते.

या उन्हाळ्यात शेंगा सोलताना मी तिला सहज म्हटलं, “लहानपणी त्याचं सगळं तूच सांगायचीस.”

“मी?” ती हसली. “काय सांगायचे?”

मी करपलेल्या भाकरीचं सांगितलं, कान ओढल्याचं सांगितलं, जीप निघताना ती काकीला सायीचं काहीतरी सांगत होती तेही सांगितलं. तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिनं नीट ऐकून घेतलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसं, आणि विचारलं, “मग सायीचं काय होतं?”

“ते तू सांगितलंच नाहीस,” मी म्हटलं.