एप्रिलपासून कामाला लाग

जानेवारी संपत आला की मी जेवणाच्या टेबलावर कागद मांडते: विम्याची पावती, पीएफ, गृहकर्जाचं व्याज आणि धाकट्या भावाचा अपंगत्वाचा दाखला. या वजावटींसाठीच मी अजून जुनी करपद्धत धरून आहे. आई गेल्यापासून भाऊ मुलुंडला माझ्याकडे असतो. डावा हात, डावा पाय जन्मापासून अधू. दाखल्यावर पंचावन्न टक्के.

त्या वर्षी तो टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, नोकरी लागली. अंधेरीला, फोनवर बोलायचं काम. सोळा हजार. सोमवारपासून."

बेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी. मी म्हणाले, "एप्रिलपासून लाग."

"का गं?"

"तू माझ्यावर अवलंबून आहेस म्हणून माझ्या उत्पन्नातून पंच्याहत्तर हजार वजा होतात. मार्चच्या आत कमवायला लागलास तर या वर्षीचे गेले."

"माझे पंच्याहत्तर हजार मिळतात तुला?"

"मिळत नाहीत रे. तेवढ्यावर कर लागत नाही. मी तीस टक्क्यांत, म्हणजे साडेबावीस हजार वाचतात."

"दोन महिन्यांत मी बत्तीस आणीन ना!"

"रिक्षा धर. तुला बसमध्ये चढता येत नाही. जेवण धर." मी पावतीच्या पाठीवर वजाबाकी करून दाखवली. "उरले अकरा. बघ."

त्याने बघितलं. मग माझ्यासमोरच कंपनीला फोन करून एप्रिलची तारीख मागितली. त्यांनी दुसरा माणूस घेतला.

मार्चमध्ये आमच्या ऑफिसच्या सीएला मी सहज विचारलं. तो हसला. "मॅडम, दोन पगारांनी काय होतंय? वर्षभर खर्च तुम्हीच करता ना? वजावट मिळालीच असती." हे मी घरी सांगितलं नाही.

भावाने आणखी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या, मग देणं बंद केलं.

पुढच्या जानेवारीत मी मागायच्या आत दाखला त्यानेच टेबलावर आणून ठेवला.

"ताई, मी वाचलं. ऐंशी टक्के असले तर सव्वा लाख वजा होतात. उजवा पायही गेला तर तुला बरंच की!"

"काहीतरीच काय बोलतोस," मी म्हणाले. पण तोवर मनात आकडा होऊन गेला होता: साडेसदतीस हजार.