घोड्याच्या घरी घोडा

रविवारचा तो डाव मी आता पलंगावर पट ठेवून परत खेळतेय. दोन्हीकडून मीच. चाली लिहून ठेवायची मला कधी गरज पडली नाही. मार खाल्लेला माणूस मार विसरत नसतो, तसं आहे ते.

समोर माझा थोरला भाऊ होता. लहानपणी आमच्या गावी, बेंबळीला, वडील खेळायचे आणि मी बघूनबघून शिकले. एकदा वडील शेतात गेलेले असताना मी पटाला हात लावला. भावानं तो लाकडी पट उचलला आणि माझ्या बोटांवर आपटला. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी आहे. ती सरळ बसवायला नेलं तेव्हा मी ओरडले नाही, कारण तो दारातून बघत होता.

म्हातारपणी मी लेकाकडं धाराशिवला आले आणि इथल्या बुद्धिबळाच्या क्लबात जायला लागले. एका दुकानामागची खोली आहे, त्यात चार टेबलं. बाई मी एकटीच. पण रविवारचे ते दोन-तीन तास मला कुणी चहा टाक म्हणत नाही, की माझं गुडघ्याचं दुखणं विचारत नाही. समोरचा फक्त मला कसं मारायचं ते बघतो. लई बरं वाटतं बघा. ह्या वर्षी भाऊही बेंबळीहून एसटीनं यायला लागला आणि त्या रविवारी सगळ्यांदेखत म्हणाला, हरलीस तर इथं परत पाय ठेवायचा नाही. मी विचारलं, आणि तुम्ही हरलात तर? म्हणाला, मग मी येणार नाही. क्लब चालवणारे गुरुजी घड्याळ लावत होते. त्यांनी ऐकलं आणि किल्ली फिरवत राहिले.

पांढरी माझ्याकडं. सुरुवातीलाच त्यानं वजीर बाहेर काढला, दात दाखवत हिंडणाऱ्या कुत्र्यासारखा. मी घोडे सोडले त्याच्या अंगावर. वजीर मागं पळाला तशी भावानं टेबलावर मूठ हाणली, सगळी मोहरी हलली. "प्यादी खेळतीस का शेरडं राखतीस?" म्हणाला. मी उंट उचलला आणि त्याच्या राजाशेजारच्या प्याद्यावर घातला. राजाला तो उंट खावा लागला आणि घर सोडून बाहेर यावं लागलं. तेच पाहिजे होतं मला. शहावर शह देऊन मी त्याला पटाच्या मधोमध फरपटत आणला. खरं सांगते, त्या वेळी लाकडाचा राजा दिसत नव्हता. शर्टाची कॉलर धरून भावालाच ओढत होते मी, आणि हात सोडवत नव्हता.

तिथंच चुकलं. आता पटावर स्पष्ट दिसतंय. वजिरानं कोपऱ्यातून शह दिला असता तर तो तिथंच मेला असता. पण मला त्याचं अजून एक प्यादं खायचं होतं, त्याचं तोंड बघत खायचं होतं. मी प्यादं खाल्लं आणि त्याच्या हत्तीला वाट मोकळी झाली. हत्ती खाली आला आणि त्यानं माझा घोडा चिरडला. मग दया कुणी केली नाही. वजिराला वजीर गेला, हत्तीला हत्ती. पटाच्या दोन्ही बाजूंना मेलेली मोहरी आडवी पडली होती. तो धापा टाकत होता, माझा पदर घामानं भिजला होता.

शेवटी दोघांचे राजे आणि एकेक प्यादं राहिलं. त्याचं प्यादं पटाच्या पार डाव्या टोकाला. ते वाचवायला त्याचा राजा तिकडं धावला, माझाही मागोमाग धावला, आणि खाल्लं मी ते. माझं प्यादं दुसऱ्या बाजूला, घोड्याच्या ओळीत, मोकळंच होतं. आता त्याला अडवणारं कुणी नव्हतं. एक घर, अजून एक घर, आणि शेवटच्या घरात पोचलं. मी प्यादं काढलं, तिथं घोडा ठेवला आणि घड्याळ दाबलं.

भावानं मान डोलावली आणि राजा हलवायला हात पुढं केला.

गुरुजींनी घड्याळ थांबवलं. बरोबरी, म्हणाले. एकट्या घोड्यानं मात होत नसते.

आमच्या घरी प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरी हत्ती, घोड्याच्या घरी घोडा. वडील तसंच खेळायचे. क्लबात कुठल्याही घरात वजीर घेता येतो, हे मला चांगलं ठाऊक आहे, दुसऱ्यांबरोबर मी घेतलेलाही आहे. पण समोर भाऊ बसला होता, आणि हात घरच्यासारखा चालला.

मागं उभे असलेले हळहळले. कुणीतरी हसलं. गुरुजी म्हणाले, आजी, वजीर घेतला असता तर तुम्ही डाव जिंकला होता की.

"घोड्याच्या घरी वजीर कसा ठेवंल ती?" भाऊ त्यांच्यावर खेकसला. "आमच्यात न्हाय तसं."

मग माझ्याकडं वळला. "बरोबरी झाली तर काय करायचं, ते ठरलं न्हवतं."

"न्हवतं," मी म्हणाले.

"मग रविवारी ये. ह्या टायमाला फोडतोच तुला."

"या तुमी. पट आता माझ्याबी हाताला लागतोय, बोटं सांभाळून या."

तो हसला नाही. माझ्या करंगळीकडं बघितलं, पिशवी उचलली आणि एसटी गाठायला निघून गेला.

तेव्हापासून रोज हा शेवट मांडते. प्यादं घोड्याच्या घरात नेते, उचलते आणि वजीर ठेवते. हाताला सवय लागावी म्हणून. पुढच्या वेळी त्याला मारला की तो यायचा बंद होईल, मग समोर कोण बसणार, हे कळतंय मला. तरी त्याला मारायचाच आहे.

काल पटापट खेळून बघितलं, तर घोडाच ठेवला गेला. डाव्या हातानं उजव्या हातावर एक जोरात फटका मारला आणि परत मांडलं.